कळीचा चुना, लोकरीची वात आणि हातोडी: वाफेचं इंजिन टिकतं कसं

चौथऱ्यावर उभं केलेलं वाफेचं इंजिन लांबून नेहमीच देखणं दिसतं. काळा कुळकुळीत रंग, लाल पट्टा, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर चंदेरी हात मारलेला. कुणी पाहुणा येणार असला की त्यावर आणखी एक हात चढतो. पण धुराडं उघडं असतं. पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाला धूर जमा होणाऱ्या पेटीत पडतं आणि तिथे शेवटच्या फेरीची राख तशीच साचलेली असते. कोळशात गंधक असतं. त्या राखेत पाणी मुरलं की आम्ल तयार होतं आणि ते स्मोकबॉक्सचा तळ आतून खात राहतं. काही पावसाळ्यांनी पत्र्याची चाळण होते. बाहेरचा रंग मात्र शाबूत असतो, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

‘जुनं आहे, चालवलं तर झिजेल, उभंच ठेवा’ असं अनेकदा ऐकू येतं. ते बरोबर नाही. चालत्या इंजिनाची झीज दिसते, मोजता येते, भरून काढता येते. उभ्या इंजिनाचा गंज आतून वाढतो आणि कुणी बघायलाच जात नाही. म्हणून इंजिन चालवायचं असो की फक्त दाखवायचं, त्याच्या आत काय चाललंय हे समजून घ्यावंच लागतं.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘फेअरी क्वीन’. १८५५ मध्ये लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड हेविटसन कारखान्यात बनलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं इंजिन. पुढे दोन लहान चाकं, मध्ये दोन मोठी, मागे पुन्हा दोन लहान. १९०९ मध्ये ते सेवेतून निघालं. आधी हावड्याला, मग १९४३ पासून चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत, पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असा त्याचा प्रवास झाला आणि १९९७ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी, ते पुन्हा वाफेवर धावलं. १९९८ मध्ये जगातलं सर्वांत जुनं नियमित धावणारं वाफेचं इंजिन म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. त्याच्याच जोडीचं २१ नंबरचं ‘एक्स्प्रेस’ चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात २०१० मध्ये पुन्हा चालतं केलं गेलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतानपैकी मात्र आज एकही उरलेलं नाही. दोन वर्षांच्या अंतराने आलेली इंजिनं. काही राहिली, काही गेली. राहिलेली राहिली, कारण वेळोवेळी कुणीतरी ती भंगारात जाऊ दिली नाहीत.

आता बॉयलर. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना तो वेगळा समजवावा लागत नाही. बंबाच्या मधल्या नळीत आतून आग आणि बाहेरून पाणी. रेल्वेच्या बॉयलरमध्ये अशा शेकडो नळ्या आडव्या घातलेल्या असतात. मागे फायरबॉक्स, पुढे स्मोकबॉक्स, मध्ये या ट्यूबा, आणि सगळीकडे पाणी. फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी: आतल्या पेटीत आग, दोन पेट्यांच्या मधल्या अरुंद गल्लीत पाणी. आतली पेटी दाबाने आत चेपू नये म्हणून दोन्ही पत्रे शेकडो बोल्टांनी एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना स्टे म्हणतात.

हे सगळं तापलं की वाढतं. डब्ल्यूपी जातीच्या मोठ्या प्रवासी इंजिनाचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, म्हणजे आतलं पाणी सुमारे २०० अंश सेल्सियसचं. पाच मीटर लांबीचा पोलादी बॉयलर थंड असताना ३० अंशांवर असेल, तर २०० अंशांपर्यंत जाताना तो जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होतो. म्हणून तो पुढच्या बाजूला सिलिंडरांच्या, म्हणजे वाफ जिथे पिस्टन ढकलते त्या नळकांड्यांच्या, बैठकीला पक्का बसवतात आणि मागे फायरबॉक्सकडे सरकत्या आधारांवर नुसता टेकवतात. या सरकत्या जागांवर गंज चढला किंवा रंगाचे थर साचले की बॉयलरला हलायला जागा राहत नाही. मग तो ताण फ्रेमवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या सांगाड्यावर, आणि स्टेवर येतो. इंजिन रंगवताना या फटी मोकळ्या ठेवायच्या, ग्रीस लावायचं, रंग लावायचा नाही. ही साधी गोष्ट रंगारी मंडळींना कुणी सांगतच नाही.

स्टे तुटतात ते बहुतेक बाहेरच्या पत्र्याजवळ. आतली पेटी जास्त तापते, जास्त सरकते, आणि प्रत्येक तापण्या-निवण्यात स्टे थोडा वाकतो, पुन्हा सरळ होतो. तार सारखी मागेपुढे वाकवली की जशी तुटते, तसंच. हे कळावं म्हणून स्टेच्या बाहेरच्या टोकातून मधोमध साधारण पाच मिलिमीटरचं भोक पाडलेलं असतं. स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी ठिबकतं. हे भोक वेल्डिंगने किंवा रंगाने बुजवणं हा गुन्हाच समजायला हवा. गळती थांबल्यासारखी दिसते, तुटलेला स्टे तसाच राहतो, आणि त्याचा भार शेजारच्या स्टेवर जातो. मग तोही जातो.

दुसरी परीक्षा हातोडीची. एक माणूस फायरबॉक्सच्या आत बसतो, हलक्या हातोडीने प्रत्येक स्टेच्या डोक्यावर टकटक करत ओळीने पुढे सरकतो. धड असलेला स्टे खणखणीत वाजतो. तुटलेला बद्द वाजतो, अगदी बाजारात मडकं घेताना फुटकं मडकं वाजतं तसा. अनुभवी बॉयलरमेकरला हाताला येणारा झटकाही वेगळा लागतो. संशय आला की तिथे खडूने फुली. आता पत्र्याची जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक यंत्रं आली आहेत. पत्र्यावर चौकडी आखून प्रत्येक चौकोनाचा आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा मोजायचं. एका वेळच्या आकड्याचा उपयोग थोडा. दोन आकड्यांतला फरकच गंज किती वेगाने चाललाय ते सांगतो. यंत्र आलं म्हणून हातोडी सुटलेली नाही. स्टे तुटला आहे की नाही हे जाडीच्या आकड्यातून कळत नाही.

बॉयलरला आतून मारतं ते पाणी, आणि तेही दोन तऱ्हांनी. पाण्यातले क्षार तापलेल्या पत्र्यावर थर धरतात. थर धरला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा स्वतःच जास्त तापतो, फुगतो, ट्यूबांच्या तोंडाशी गळती सुरू होते. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गिझरची कॉइल काढून बघितली तर तेच दिसतं. दुसरी तऱ्हा म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा. तिच्यातला प्राणवायू पत्र्यावर ठिकठिकाणी बारीक खड्डे पाडतो, विशेषतः पाण्याच्या पातळीच्या रेषेवर आणि बॅरलच्या, म्हणजे बॉयलरच्या मधल्या गोल पिंपाच्या, तळाला. सगळा पत्रा जाड असतो आणि एका खड्ड्यात तो निम्मा उरलेला असतो. म्हणून पाणी मऊ करून घालायचं, त्याचा पीएच ११ च्या आसपास ठेवायचा, सोडियम सल्फाइटसारखं प्राणवायू शोषणारं रसायन घालायचं, आणि विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण रोज मोजायचं. क्षार फार वाढले की पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरात जातं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनसमोर ते अडकलं तर सिलिंडरचं झाकण फुटतं.

क्षाराने काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १६ जून १९९५ ला पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गजवळ पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या १२७८ नंबरच्या इंजिनाचं फायरबॉक्सचं छत कोसळलं. बॉयलरमध्ये पाणी कमी होतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारी वाट क्षाराने बुजलेली होती, त्यामुळे काच खरं सांगत नव्हती. इंजिनावरचे तिघं भाजले. छताचे सगळे स्टे एकदम न सुटता टप्प्याटप्प्याने सुटतील अशी रचना होती, म्हणून बॉयलर उडून गेला नाही. त्यानंतर तिथले नियम बदलले: इंजिन चालवल्याचे ३१ दिवस भरले की बॉयलर धुऊन तपासायचा, आणि चालवल्याचे १,४७२ दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ट्यूबा काढून पूर्ण बॉयलर आतून तपासायचा.

छत उघडं पडू नये म्हणून तिथे लेड प्लग बसवतात: पितळी बुचाच्या पोटात शिसं. छतावर पाणी असेपर्यंत शिसं थंड राहतं. पाणी खाली गेलं की ३२७ अंशांना ते वितळतं, वाफेचा फवारा आगीत उडतो आणि फायरमनला इशारा मिळतो. पण प्लगच्या पाण्याकडच्या तोंडावर क्षार दगडासारखा बसला तर शिसं वितळूनही बाहेर पडत नाही. म्हणून प्लग ठरलेल्या मुदतीत नवा घालायचा, ‘अजून चांगला दिसतोय’ म्हणून ठेवायचा नाही. आणि प्लगच्या भरवशावर राहायचंही नाही. भरवसा दोन काचांवर, त्याही दर पाळीला नळ उघडझाप करून तपासलेल्या. पाणी खाली जाऊन सरसर परत आलं पाहिजे. रेंगाळत आलं तर वाट बुजत चालली आहे.

घाटात हे आणखी जपावं लागतं. माथेरानच्या लाइनीवर चढ १:२० इतका आहे. दोन मीटर लांबीच्या फायरबॉक्स-बॅरलमध्ये तेवढ्या चढाला पाण्याची पातळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटरने तिरकी होते. धुराडं पुढे करून चढताना पाणी मागे फायरबॉक्सवर येतं आणि काचेत भरपूर दिसतं. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं आणि छत उघडं पडतं. म्हणून माथ्यावर पोचण्याआधीच पाणी भरून ठेवायचं, उतरायला लागल्यावर नाही.

बॉयलर धुणं म्हणजे वॉशआउट. याची पहिली पायरी काहीच न करण्याची असते: आग काढल्यावर बॉयलर आपोआप निवू द्यायचा, दीड-दोन दिवस लागले तरी. गरम असताना पाणी सोडून दिलं तर आतला गाळ तापल्या ट्यूबांवर भाजून बसतो आणि मग छिन्नीनेच निघतो. गरम बॉयलरमध्ये थंड पाणी मारलं तर पत्र्याला तडे. निवल्यावर धुण्याच्या भोकांची बुचं, म्हणजे वॉशआउट प्लग, काढायचे. प्रत्येक प्लगवर नंबर कोरलेला असतो आणि तो त्याच भोकात परत जातो, कारण निमुळते आटे एकमेकांवर बसून झिजलेले असतात. मग वरून सुरुवात: आधी फायरबॉक्सच्या छतावर पाण्याचा जोरदार फवारा, मग बाजूच्या गल्ल्या, मग बॅरल, आणि शेवटी अगदी बुडाशी, जिथे आतली-बाहेरची पेटी जोडणारी कडी असते. सगळा गाळ तिथे साचतो. प्लगच्या भोकातून सळई घालून तो ढवळून काढायचा, आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबायचं नाही. मग टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घालून प्रत्येक भोकातून बघायचं. प्लग परत बसवताना आट्यांना ग्रॅफाइटची पेस्ट, आणि हाताने किती आटे बसले ते मोजायचं. वाफ धरल्यावर एखादा प्लग पाझरला तर वाफेवर असताना पाना लावायचा नाही. आग काढायची, दाब शून्यावर येऊ द्यायचा. झिजलेले आटे दाबाखाली सुटले तर समोरच्या माणसावर उकळतं पाणी येतं.

मोठ्या दुरुस्तीनंतरची दाबाची चाचणी पाण्याने करतात, हवेने कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कुठे फट पडली तर दाब लगेच शून्यावर येतो. दाबलेली हवा मात्र बाँबसारखी सुटते. चाचणीचा दाब साधारणपणे रोजच्या दाबाच्या दीडपट असतो.

थंड इंजिन पेटवण्याची घाई म्हणजे पुढच्या दुरुस्तीला आमंत्रण. पेटवण्याआधी रेग्युलेटर (सिलिंडरांकडे वाफ सोडणारा दांडा) बंद, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मधोमध, हँडब्रेक घट्ट, सिलिंडरच्या तोट्या उघड्या, चाकांखाली गुटके, आणि काचेत पाणी आहे ते डोळ्यांनी बघितलेलं. फायरबॉक्समध्ये डोकं घालून छत, ट्यूबांची तोंडं आणि लेड प्लग बघायचे. मग जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट आणि लाकडं. आग लहान ठेवायची. सुरुवातीला बॉयलरमधलं पाणी नीट फिरत नाही: वरचा भाग हाताला चटका देतो आणि बॅरलचा तळ अजून गार असतो. या अवस्थेत आग भडकवली की वरचा पत्रा वाढतो, खालचा वाढत नाही, आणि ताण ट्यूबांच्या जोडांवर येतो. बराच काळ थंड राहिलेल्या बॉयलरला आदल्या दिवशी नुसती ऊब द्यायची आणि दुसऱ्या दिवशी दाब चढवायचा, हेच चांगलं. थोडा दाब आला की दोन्ही इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारी साधनं, चालवून बघायचे. पाणी भरायचा एकच मार्ग चालू असेल तर इंजिन शेडबाहेर काढायचं नाही. चाकांचे पहिले काही फेरे तोट्या उघड्या ठेवूनच घ्यायचे, म्हणजे थंड सिलिंडरात वाफेचं झालेलं पाणी बाहेर पडतं.

कोळशाचं सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक कोळशात राख फार. राख वितळून जाळीवर क्लिंकरची भाकरी थापते, हवा अडते, आग मरते, आणि खालच्या जाळीच्या पट्ट्या जळतात. दर फेरीनंतर जाळी साफ झालीच पाहिजे.

चाकांचं आणि दांड्यांचं काम तेलाचं. दांड्यांच्या बेअरिंगांवर आणि ॲक्सलबॉक्सवर छोट्या पितळी वाट्या असतात. त्यांच्यात लोकरीच्या धाग्याची वात सोडलेली असते. देवाच्या निरांजनात वात जशी तेल वर ओढते, तशी ही वात वाटीतलं तेल ओढून पलीकडच्या नळीत थेंबथेंब सोडते. किती पीळ, किती धागे, यावर थेंबांचा वेग ठरतो: धागे जास्त दाबून भरले तर तेल उतरत नाही, कमी असले तर वाटी लगेच रिकामी. गाडी उभी असली तरी वात तेल सोडतच राहते, म्हणून काम संपलं की वाती उचलून ठेवायच्या. विसरलं की दुसऱ्या दिवशी वाट्या कोरड्या, रुळांवर तेल, आणि पहिल्या काही किलोमीटरांत बेअरिंगचा पांढरा धातू वितळायला लागतो. सिलिंडरांना हे पातळ तेल चालत नाही. तिथे वाफेत टिकणारं जाड सिलिंडर ऑइलच लागतं.

आता आमच्या हवेतला मुख्य प्रश्न: पावसाळा. चार महिने इंजिन चालणार नसेल तर बॉयलर अर्धा भरलेला ठेवणं सगळ्यात वाईट, कारण पाण्याच्या रेषेवर हवा आणि पाणी दोन्ही मिळतात. एक तर तो रसायन घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवा उरू द्यायची नाही. नाहीतर पूर्ण कोरडा ठेवायचा. कोरडा ठेवायचा तर धुऊन, निथळून, फायरबॉक्समध्ये अगदी बारीक आग किंवा गरम हवा देऊन आतला ओलावा घालवायचा. मग माणूस जाईल अशा किंवा हात जाईल अशा झाकणातून कळीच्या चुन्याच्या पराती आत सरकवायच्या आणि सगळं बंद करायचं. परात अर्धीच भरायची, कारण चुना ओलावा पितो तसा फुलतो आणि सांडला तर आत ओल्या चुन्याचा चिखल होतो. दर महिन्याला झाकण उघडून बघायचं. खडे उरले नसतील, सगळं पीठ झालं असेल, तर नवा चुना. पेटवण्याआधी सगळ्या पराती मोजून बाहेर काढायच्या. किती ठेवल्या होत्या ते वहीत लिहिलेलं हवं, आणि कॅबमध्ये पाटी लटकवलेली हवी.

एवढं करूनही बॉयलर कायमचा नसतो. वाफेच्या काळात कारखान्यात आलेल्या इंजिनाचा बॉयलर काढून दुसरा तयार बॉयलर चढवत आणि जुना सवडीने दुरुस्त करत. म्हणून ‘मूळ बॉयलर नाही तर इंजिन अस्सल नाही’ हा आग्रह मला पटत नाही. फ्रेम, चाकं, नंबर आणि आराखडे जपले तर बॉयलर पुन्हा करता येतो. ब्रिटनमध्ये ए-१ जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं. २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ पूर्ण नवं बांधलं गेलं, त्याचा बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यात झाला. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी २०११ पासून नवी वाफेची इंजिनं बांधली. म्हणजे हे कसब देशात जिवंत आहे. वेल्सच्या बॅरी गावातल्या भंगार अड्ड्यातून २१३ इंजिनं वाचली ती तिथल्या मालकाने आधी मालडबे तोडायला घेतले म्हणून. डबे तोडणं सोपं होतं, इंजिनं रांगेत राहिली, आणि दरम्यान लोक पैसे जमवून आले.

महाराष्ट्रात अशी जपण्याजोगी परंपरा मोठी आहे. १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची, ॲक्सलवर जेमतेम पाच टन भार येईल अशी आखलेली. तिच्यासाठी किटसननेच दांड्यांनी जोडलेल्या आठ चाकांची टँक इंजिनं, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेली इंजिनं, बनवली. १९०७ ची माथेरानची दोन फुटी लाइन. तिची चार ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनं अशी, की टोकाच्या चाकांचे ॲक्सल पोकळ नळीत बसवलेले आणि अरुंद वळणावर ती चाकं बाजूला वळतात. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. या इंजिनांपैकी कुठलंही उद्या धावेल असं नाही, पण उद्या धावू शकेल अशा अवस्थेत ठेवता येतं, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

चौथऱ्यावरच्या इंजिनासाठी मे महिन्यातली कामं ही. स्मोकबॉक्स उघडून राख पूर्ण काढा, तळ घासून रेड ऑक्साइड लावा. फायरबॉक्सच्या जाळीखालच्या ॲश पॅनमधली, म्हणजे राखेच्या तबकातली, राखही. धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवा, बाहेरून दिसणार नाही अशी थोडी खाली. बॉयलरचे सगळ्यात खालचे प्लग काढून ठेवा, म्हणजे आत पाणी गेलंच तर निघून जाईल. भोकांना जाळी लावा, नाहीतर पक्षी आणि गांधीलमाश्या घर करतात. टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, तळाचं पाणी तपासा. बॉयलरवरचं पत्र्याचं आवरण जुनं असेल तर ते स्वतः उचकटू नका: खाली ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, आणि ते काम मास्क-सूट घालणाऱ्या जाणकारांचंच. दांड्यांवरचा चंदेरी रंग खरवडून काढा, आत पॉलिश केलेलं पोलाद आहे. त्यावर जाड तेल किंवा गंजरोधक ग्रीसचा हात द्या आणि दर महिन्याला बोट फिरवून बघा. बोटाला लाल लागलं तर ग्रीस पुसून पुन्हा लावायची वेळ झाली आहे.